आपल्या जमिनीवर वन्यजीवांना जागा कशी करून द्यावी

गावाकडच्या जमिनीचा एखादा तुकडा पिकाखाली नाही, किंवा यापुढं ठेवायचा नाही. तिथं पक्षी यावेत, फुलपाखरं दिसावीत, ससे-मुंगसं बिनघोर नांदावीत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. जमीन अर्धा एकर असो की पन्नास एकर, कामाचा क्रम तोच राहतो. बहुतेकांच्या मनात पहिला विचार रोपं लावण्याचा येतो. माझ्या मते रोपांची पाळी बरीच उशिरा येते. आधी पाहायचं, मग नुकसान थांबवायचं, मग जे आहे ते जपायचं, मग पाणी आणि त्यानंतर लागवड. हा क्रम चुकला तर पैसा आणि श्रम खर्च करून आपणच तिथल्या जुन्या रहिवाशांना हुसकावून लावतो.

पहिलं वर्ष: पाहा, फिरा, लिहा

मोठ्या कागदावर जमिनीचा नकाशा काढा. काटेकोर मोजमापाची गरज नाही. उपग्रहचित्राची छापील प्रत मिळाली तर तीच वापरा. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठून वाहून जातं. कोरड्या दिवसांत शेवटची ओल कुठं टिकते. जुनी झाडं कोणती, कुठल्या खोडाला ढोली आहे. बिळं, वारुळं, दगडांच्या राशी, काटेरी जाळ्या कुठं आहेत. जनावरांच्या पायवाटा कुठून आत येतात, कुठून बाहेर पडतात, हे सगळं त्यावर खुणांनी दाखवत जा.

वेळा बदलून फिरा. उजाडताना जा, तिन्हीसांजेला जा, अधूनमधून रात्री बॅटरी घेऊन जा. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर झोत टाकला, की शिकारी कोळ्यांचे डोळे ठिणग्यांसारखे चमकतात, आणि दिवसा रिकाम्या वाटणाऱ्या जागी किती वस्ती आहे ते कळतं. पायवाटेवर हातभर रुंदीचा पट्टा बारीक मातीनं सारखा करून ठेवा. रात्रीतून कोण गेलं ते सकाळी ठशांवरून वाचता येतं. त्या भागात वर्षानुवर्षं गुरं चारणाऱ्या माणसांशी निवांत बोला. पूर्वी इथं काय दिसायचं आणि कधीपासून दिसेनासं झालं, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

या वर्षाच्या शेवटी एका प्रश्नाचं उत्तर हाती यायला हवं: या जमिनीचा मूळ स्वभाव काय? जंगल, झुडपी रान, गवताळ माळ की पाणथळ? पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात, म्हणून इथं घाई करू नका. तोडलेलं जंगल असेल तर जुन्या बुंध्यांना फुटवे येत असतात, कडेकोपऱ्यात सावलीतल्या वनस्पती तग धरून असतात. खडकावर मातीचा पातळ थर, त्यावर अनेक जातींच्या गवतांची बहुवार्षिक ठोंबं आणि चराईनंतर जमिनीखालच्या कंदांतून पुन्हा फुटणारी रानफुलं दिसली, तर तो बहुधा मुळातलाच माळ आहे.

असा माळ असेल तर त्यावर झाडं लावू नका. हे मी आग्रहानं सांगतो, कारण चांगल्या हेतूनं होणारं सगळ्यांत मोठं नुकसान हेच आहे. टिटवी, चंडोल, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. चहूबाजूंनी लांबवर दिसणं हीच त्यांची सुरक्षा. मध्ये उंच झाडं आली की त्यांवर कावळे आणि शिकारी पक्षी बसून टेहळणी करतात, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी ती जागा सोडतात. माळावर झाडं लावली नाहीत म्हणजे हवेतला कार्बन शोषला जात नाही, असंही नाही. गवताळ प्रदेशातला बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठलेला असतो.

नुकसान थांबवा

यातली बरीच कामं बिनखर्चाची आहेत, आणि त्यांचा परिणाम कोणत्याही लागवडीपेक्षा लवकर दिसतो.

विषापासून सुरुवात करा. ब्रोमॅडिओलोनसारखं उंदराचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंदावलेला, उघड्यावर फिरत राहतो आणि घुबडाला किंवा रानमांजराला अलगद सापडतो. विष तसंच पुढं शिकाऱ्याच्या शरीरात जातं. ज्याच्या भरवशावर उंदीर आटोक्यात राहायचे तोच मरतो आणि पुढच्या हंगामात उंदीर वाढतात. कीटकनाशकांचंही असंच आहे. शेजारच्या तुकड्यात पीक असेल आणि फवारणी टळत नसेल, तर निदान फुलोऱ्याच्या काळात आणि मधमाश्या कामावर असतात त्या वेळी फवारू नका. मध्ये पाच ते दहा मीटर रुंदीचा गवताचा पट्टा राखा, आणि त्यावर काहीही फवारू नका.

गुरं असतील तर त्यांची औषधंही पाहा. दक्षिण आशियात १९९० च्या दशकापासून गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली, ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळं. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्ताननं जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. मेलोक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित असलेला पर्याय आहे. पशुवैद्यांकडं तोच मागा.

कुंपण तपासा. सगळीकडून जाळी मारलेली जमीन वन्यप्राण्यांच्या उपयोगाची नाही. पिकाभोवती भक्कम कुंपण ठेवा, पण राखीव तुकड्याला शक्यतो ठेवूच नका. गुरं आत येतात म्हणून लागतच असेल तर सगळ्यांत खालची आणि सगळ्यांत वरची तार काट्यांशिवाय, गुळगुळीत असू द्या. खालची तार जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर वर, म्हणजे लहान प्राणी आणि पाडसं खालून जातील. वरची तार एक मीटरच्या आसपास, म्हणजे हरणासारखे प्राणी उडी मारू शकतील. वरच्या दोन तारांत निदान ३० सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर उडी मारताना मागचे पाय त्यांच्यात अडकून पिळले जातात.

उघड्या विहिरी आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली शेततळी हे प्राण्यांसाठी सापळेच आहेत. विहिरीला कठडा बांधा. शेततळ्याचा कागद ओला झाला की त्यावर नखं टिकत नाहीत, म्हणून चारही बाजूंनी काथ्याची जाड जाळी किंवा गाठी मारलेले दोर पाण्यात सोडा. आत पडलेला प्राणी कडेकडेनं पोहत राहतो, त्याला कुठंतरी धरायला मिळायला हवं.

कुत्री रात्री मोकळी सोडू नका आणि त्यांचं लसीकरण चुकवू नका. रेबीज आणि डिस्टेंपर हे जीवघेणे विषाणूजन्य रोग त्यांच्याकडून कोल्ह्या-लांडग्यांत पसरतात. बाहेरचे दिवे गरज असेल तेवढेच, पिवळसर आणि खाली तोंड केलेले ठेवा. काजवे हवे असतील तर अंधार लागतो. दरवर्षी पाला पेटवून देण्याची पद्धत असेल तर ती बंद करा.

जे आहे ते राहू द्या

स्वच्छतेची आवड इथं आड येते. वाळलेलं झाड, कुजलेला ओंडका, दगडांचा ढीग, पालापाचोळा आपल्याला पसारा वाटतो, पण बहुतेक जिवांची घरं यातच असतात.

वठलेल्या झाडाचंच पाहा. सुतार आणि तांबट हे पक्षी मऊ पडलेल्या लाकडात स्वतः ढोली कोरतात. त्यांचा मुक्काम हलला की तीच ढोली पोपट, मैना, पिंगळा वापरतात, कारण त्यांना कोरता येत नाही. सुतारांना लाकूड मिळालं नाही तर मागच्या सगळ्यांचीच घरं गेली. धनेशाला तर मोठ्या, जुन्या झाडाची नैसर्गिक ढोलीच लागते, आणि अशी झाडं तयार व्हायला कित्येक दशकं जातात. म्हणून घरावर, रस्त्यावर किंवा विजेच्या तारांवर पडण्याचा धोका असलेली सोडून बाकी वठलेली झाडं उभी राहू द्या. धोक्याचं झाडसुद्धा मुळापासून काढू नका. फांद्या उतरवून माणसाच्या दुप्पट उंचीचं खोड ठेवलं तरी चालतं. उतरवलेल्या फांद्या जाळू नका. जाड ओंडके खाली आणि बारीक काटक्या वर रचून एका बाजूला ढीग करा. मुंगूस, सरडे, बेडूक, भुंगेरे तिथं बिऱ्हाड करतील.

दगडांची रास उन्हात असावी. तिचा अर्धा भाग जमिनीत दबलेला असला तर आत गारवा राहतो आणि सरपटणाऱ्या प्राण्यांना ऊन-सावली दोन्ही मिळते. जुनी बिनसिमेंटची दगडी ताल असेल तर फटी भरू नका.

उघडी मातीही राखा. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक एकेकट्या राहतात आणि सुमारे सत्तर टक्के जमिनीत बीळ करून अंडी घालतात. गवत नसलेला, उताराचा, उन्हातला, नांगर न लागलेला चटईएवढा तुकडाही त्यांना पुरतो.

पाणी

जागा निवडताना नकाशा पुढ्यात घ्या. जी जागा मुळातच ओलसर किंवा पाणथळ आहे तिथं तळं खणू नका. तो अधिवास आधीच तयार आहे. तिच्या शेजारची, पाणी सहज पोचेल अशी जागा घ्या.

वन्यजीवांसाठीचं तळं आणि सिंचनाचं शेततळं यांत मोठा फरक आहे. इथं काठ उभे नकोत. एका तरी बाजूला उतार इतका मंद हवा की दहा पावलं चालल्यावर पाणी कमरेपर्यंत येईल. कारण सगळी गजबज उथळ पाण्यात असते: चिखलात चोच खुपसणारे पक्षी, बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, पाणी प्यायला आलेली फुलपाखरं. तळाशी एखादा खोल खड्डा असू द्या. काठ वाकडातिकडा काढा, म्हणजे त्याच क्षेत्रात काठाची लांबी वाढते.

तळं वर्षातले काही महिने आटत असेल तर खंत करू नका. आटणाऱ्या पाण्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत तिथं बेडूक वाढतात. म्हणूनच तळ्यात मासे सोडू नका, डासांसाठी म्हणून गप्पी किंवा गंबुशियाही नको. डास खाण्यासाठी गंबुशिया जगभर सोडला गेला आणि त्यानं अनेक ठिकाणी स्थानिक मासे आणि बेडकांची अंडी-पिल्लं फस्त केली. चतुर, टाचण्या, पाणकिडे स्थिरावले की डासांच्या अळ्या तेच खातात. जलपर्णीचं एकही रोप आत येऊ देऊ नका. शेतातलं खतयुक्त पाणी थेट तळ्यात आलं तर शेवाळ माजतं, म्हणून वरच्या अंगाला दाट गवताचा पट्टा हवा.

तळं जमत नसेल तर उथळ पाणवठा करा. पाण्याची खोली काठाला दोन-तीन सेंटिमीटर, मध्ये फार तर वीतभर. पृष्ठभाग खरबरीत ठेवा, मध्ये दगड ठेवा, म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत. आसरा देणारं झुडूप जवळ हवं, पण अगदी लगत नको. दोन-तीन मीटर अंतर असलं तर मांजराला दबा धरता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी घासून पाणी बदला, कारण एकाच ठिकाणी अनेक पक्षी पाणी पितात आणि रोग तिथूनच पसरतात. कोरड्या दिवसांत पाणी सुरू केलं तर पाऊस येईपर्यंत बंद करू नका. प्राणी त्या भरवशावर जवळपास राहू लागतात.

मग झाडोरा

बंदोबस्त ठेवला आणि चराई-आग थांबली, तर जमिनीतलं बी आणि पक्ष्यांनी टाकलेलं बी आपोआप रुजायला लागतं. दोन पावसाळे वाट पाहून मग ठरवा की खरंच रोपं लागणार आहेत का. बी येण्याचा वेग वाढवायचा असेल तर मोकळ्या जागी वाळक्या फांद्या रोवा. फळं खाऊन आलेले पक्षी त्यांवर बसतात आणि खाली बी पडतं.

या काळात सर्वांत आधी काटेरी झुडपं येतात आणि लोक ती साफ करतात. असं करू नका. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात नेप नावाची साडेतीन हजार एकरांची इस्टेट आहे. चार्ली बरेल आणि इझाबेला ट्री यांनी तिथली तोट्यातली शेती थांबवून २००१ पासून जमीन टप्प्याटप्प्यानं मोकळी सोडली आणि मोजकी गुरं, घोडे, डुकरं, हरणं चरायला ठेवली. काटेरी झुडपांचं रान माजलं. त्यांच्या आत, चरणाऱ्या तोंडांपासून सुरक्षित अशी ओकची रोपं वाढली. नाइटिंगेल आणि टर्टल डव्ह हे इंग्लंडातून झपाट्यानं कमी होत चाललेले पक्षी तिथं घरटी करू लागले. काट्यांच्या जाळीत वाढणाऱ्या रोपाला वेगळा ट्रीगार्ड लागत नाही.

एक काम मात्र हातानंच करावं लागतं, ते म्हणजे आक्रमक परदेशी वनस्पती काढणं. उष्ण प्रदेशांत घाणेरी, रानमोडी, गाजरगवत, वेडी बाभूळ ही नेहमीची नावं. चारही मूळच्या अमेरिका खंडांतल्या. घाणेरी वरवर छाटली तर दुप्पट जोमानं फुटते. मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडून झुडूप उलटं करून ठेवावं लागतं. वेडी बाभूळही बुंध्यातून फुटते. गाजरगवत फुलायच्या आधी उपटा, आणि हातमोजे व तोंडाला फडकं असल्याशिवाय हात लावू नका, त्याची ॲलर्जी त्रासदायक असते. सगळा तुकडा एका वर्षात साफ करू नका. घाणेरीच्या जाळीतही कोणीतरी आसऱ्याला असतं. तीन-चार भाग करा, दरवर्षी एक भाग काढा, आणि मोकळ्या झालेल्या मातीत लगेच स्थानिक गवताचं बी टाका. रिकामी ठेवलेली माती पुन्हा घाणेरीच बळकावते. पुढची दोन-तीन वर्षं उगवणारी रोपं उपटत राहण्याची तयारी नसेल तर या कामाला हात घालू नका.

आता लागवड. स्थानिक जातींचा आग्रह कशासाठी, ते नीट समजून घ्या. पानं खाणाऱ्या बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींवरच जगतात. बिबळ्या कडवा या फुलपाखराची अळी रुईवर आणि तिच्या नात्यातल्या चिकाळ वनस्पतींवर वाढते. भोवती फुलांची कितीही बाग केली आणि रुई उपटली तर त्याची पुढची पिढी होत नाही. आणि अळ्या नसतील तर पक्षीही नाहीत, कारण दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना बहुतांशी किडे भरवतात. अमेरिकेतले कीटकतज्ज्ञ डग्लस टॅलामी यांनी हा मुद्दा लोकांपुढं सतत मांडला आहे: वल्गुलीच्या कुळातल्या चिकाडी या इवल्या पक्ष्याला एका वेळची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. झाड निवडताना ते दिसतं कसं यापेक्षा त्याची पानं कोण खातं, हे विचारा. पानांना भोकं पडलेली दिसली की फवारा उचलू नका.

जंगली किंवा झुडपी जमिनीवर एकाच जातीच्या रांगा लावू नका. उंच झाडं, त्यांखाली लहान झाडं, झुडपं, वेली, गवत असे थर हवेत. फळं एकाच वेळी न पिकता वर्षभर पाळीपाळीनं मिळतील अशा जाती निवडा. उष्ण प्रदेशात वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांना तोड नाही. त्यांची झाडं वेगवेगळ्या वेळी फळतात, त्यामुळं बाकी सगळं सुकलेलं असताना पक्षी, वटवाघळं, माकडं, खारी त्यांवर निभावतात. लहान तुकड्यात यांतलं एक झाड पुरेसं आहे, पण त्याला पसरायला जागा ठेवा. छोटे छोटे विखुरलेले गट करण्यापेक्षा एकसंध मोठा गट करा, म्हणजे आतल्या भागात खरी शांतता राहते. शेजारचा ओढा, डोंगर किंवा रान यांच्यापर्यंत बांधावरच्या झुडपांचा अखंड पट्टा पोचवता आला तर तुमचा लहान तुकडाही मोठ्या अधिवासाला जोडला जातो.

गवत कधी आणि कसं कापायचं

माळ तसाच वर्षानुवर्षं सोडला तर काही ठिकाणी जुनं गवत दाटून बारीक रानफुलं गुदमरतात. बेताची चराई किंवा कापणी हवी, पण सगळीकडे एकदम नको. तीन भाग करा, दरवर्षी एकच कापा; उरलेल्या दोन भागांत किडे, अंडी, कोष सुखरूप राहतात. घरट्यांचा हंगाम पूर्ण संपू द्या. पातं जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर ठेवा. आणि कापणी मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला न्या. कडेकडेनं आत येत गेलं तर पिल्लं शेवटच्या तुकड्यात कोंडली जाऊन यंत्राखाली येतात. कॉर्नक्रेक हा गवतात लपून राहणारा पक्षी वाचवण्यासाठी स्कॉटलंडमधले शेतकरी अशीच आतून बाहेर कापणी करतात.

घरट्यांच्या पेट्या नैसर्गिक ढोल्या नसतील तरच लावा. चिमणीच्या पेटीचं भोक ३२ मिलिमीटर. पुढं बसायला दांडी नको, ती शिकाऱ्याच्या कामी येते. गव्हाणी घुबडाच्या पेटीत भोकापासून तळ निदान ४५ सेंटिमीटर खोल हवा, नाहीतर पिल्लं वेळेआधी बाहेर पडतात. कुठूनतरी पकडलेले प्राणी आणून सोडू नका, आणि खाद्य घालून त्यांना माणसांची सवय लावू नका. जागा योग्य झाली की ते स्वतः येतात.

नोंदी

नकाशावर चार-पाच ठिकाणं ठरवून दर ऋतूत त्याच जागेवरून, त्याच दिशेनं फोटो काढा. कोणतं फूल कधी उमललं, कोणता पक्षी पहिल्यांदा कधी दिसला, तळं कधी आटलं, हे वहीत तारखेसह लिहा. अमेरिकेतले वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये तिथल्या विस्कॉन्सिन नदीजवळची एक झिजून गेलेली शेतजमीन घेतली, तिथं कुटुंबासह हजारो झाडं लावली आणि १९४८ मध्ये निधन होईपर्यंत अशाच साध्या नोंदी ठेवल्या. पुढं त्यांची मुलगी नीना हिनं त्याच परिसरात त्या चालू ठेवल्या, आणि १९९९ मध्ये दोन्ही काळांची तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा वसंताच्या खुणा कितीतरी आधी दिसू लागल्याचं स्पष्ट झालं. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंदी टाकल्या तर अनोळखी जाती ओळखायला मदत मिळते. दुर्मीळ प्राण्याचं अचूक ठिकाण मात्र उघड करू नका.

शेजारी आणि कायदा

झाड तोडणं, ओढ्याचा प्रवाह अडवणं, प्राणी हाताळणं यांबाबत जिथं जमीन आहे तिथले नियम काम सुरू करण्याआधी विचारून घ्या. शेजाऱ्यांशीही आधीच बोला. रानडुक्कर पिकात घुसेल, साप वाढतील या त्यांच्या भीतीत तथ्य आहे, ती उडवून लावू नका. दाट झुडपं शेजाऱ्याच्या पिकापासून आणि घरांपासून दूर ठेवा, दोन्हींच्या मध्ये मोकळा, आखूड गवताचा पट्टा राखा. घराभोवती दगड-लाकडांचे ढीग नकोत, ते जमिनीच्या पलीकडच्या टोकाला करा. साप निघाला तर कोणाला बोलवायचं आणि विषबाधेवरचं औषध असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे आधी शोधून घरातल्या भिंतीवर लिहा, आणि तेच क्रमांक शेजाऱ्यांनाही देऊन ठेवा.